कोपराच्या घडीपासून

मंगळवार, ३ फेब्रुवारी

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने दिलेली ही डायरी तीन महिने कपाटात पडून होती. आज ही म्हणाली, "दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा वहीला सांगा. तिला कान नाहीत, कंटाळायची नाही." म्हणून सुरुवात.

'ही' म्हणजे माझी बायको. डायरीत नाव लिहायला कसंसंच वाटतं, तेव्हा 'ही'च बरं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी आणून ती शिवते आणि बांधते. मी नकाशा कार्यालयात आरेखक होतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुसट झालेल्या रेघा शाईने गिरवल्या. आता गिरवायला काही उरलं नाही, म्हणून घर मोजतो. स्वयंपाकघरात खिडकीखाली भिंतीला भेग आहे. ती वाढते का, हे बघायला तिच्या टोकाला पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख घातली आहे. दर महिन्याला नवी खूण, जुनी तशीच. आतापर्यंत चार मिलिमीटर वाढली. "भिंतीची हजेरी घेताय का?" असं म्हणून ही हसते.

घसा धरलाय. गिळताना काटे टोचतात. गुळण्या चालू आहेत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

संध्याकाळी हिला दाभण लागलं. जाडजूड शब्दकोशाची पाठ शिवत होती. दाभण सटकलं ते डाव्या हाताला, मनगटाच्या जरा वर, मागच्या बाजूने घुसलं. रक्त थेंबभर. बाईसाहेब आधी पुस्तकावर डाग पडला का ते बघत होत्या! मी जखम धुतली, लहान मुलांच्या खरचटण्यावर मारतात तशी दोन-तीनदा फुंकर मारली आणि पट्टी लावली. "एवढं काही नाही," म्हणाली आणि आणखी चार टाके घालूनच उठली.

माझा घसा अजून तसाच. बोललो की फाटका भोंगा वाजतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळी अकरा

पहाटे हिला हुडहुडी भरली. ताप एकशे दोन. हात मनगटापासून वर लाल आणि गरम झालाय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं, दाबलं, गोळ्या लिहून दिल्या. मग खिशातलं साधं बॉलपेन काढून लाली जिथे संपते तिथून हाताभोवती रेघ ओढली. "लाली या रेघेच्या बाहेर गेली तर थांबायचं नाही. उद्या रविवार असला तरी मला फोन करा, नाहीतर सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

मला हे फारच आवडलं. शरीरावर सीमारेषा! इतकं सोपं, बिनखर्चाचं साधन, आणि आजवर मला ठाऊक नव्हतं. फक्त डॉक्टरांचा हात म्हणजे कोंबडीचे पाय. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, दोन ठिकाणी तुटलेली.

घरी आल्यावर सवयीने टेप घेतला. हात वाकवला की कोपराला घडी पडते, ती जागा हलत नाही, म्हणून तिथून मोजलं. कोपराच्या घडीपासून रेघ १७ सेंटिमीटर.

"दुखतंय का?" म्हटलं. "दुखतंय," म्हणाली.

शनिवार, संध्याकाळी साडेसहा

घामाने आणि ओल्या फडक्याने डॉक्टरांची रेघ जवळजवळ गेली. मनगटाकडे तीन-चार निळे ठिपके तेवढे उरले होते. रेघच नाही तर राखण कशाची करणार? तेव्हा माझं जुनं पेन काढलं, पाण्याने न जाणाऱ्या शाईचं.

आता प्रश्न असा, की गिरवायची कुठून. लाली त्या ठिपक्यांच्या थोडी वर दिसत होती. आमच्या कार्यालयाचा पहिला नियम असा की जुनी रेघ आणि जमीन यांत फरक पडला तर जमीन खरी मानायची. जुन्या माणसाचा हात सरकलेला असतो. डॉक्टर घाईत होते, पेन बॉलचं, आणि त्यांना रेघ लालीच्या कडेवर हवी होती हे उघड आहे. मी कडेवरून, एका दमात, हात न उचलता रेघ ओढली. सुंदर आली. अर्ध्या मिलिमीटरचीही खोट काढता येणार नाही. जुने ठिपके स्पिरिटने पुसून टाकले, दोन रेघांचा घोटाळा नको.

ही डोळे मिटून पडली होती. गोळीने झोप लागली असावी. "बघ, कशी आली!" म्हटलं, तर नुसतं हुं केलं.

नोंद: कोपराच्या घडीपासून रेघ १५.५. सकाळी टेप तिरका धरला गेला असावा.

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

रात्रभर ही तळमळली. दोनदा उलटी झाली. हात सुजून मुसळासारखा झालाय, पण वरून बघावं तर इतका काही वाईट दिसत नाही. लाली आहे, मधे एक जांभळट डाग आहे, बस. नुसती चादर लागली तरी ओरडते. आजवर हिने दाढ काढून घेतली, बाळंतपण सोसलं, पण ओरडताना मी ऐकलं नव्हतं. एवढ्याशा लालीला एवढं दुखावं का, हे मला कळत नाही. हे डॉक्टरांना विचारायला हवं.

मी म्हटलं, "अगं, रेघेच्या आतच आहे."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," म्हणाली.

रात्रीत सूज आल्याने रेघ ताणून फिकी पडली होती आणि कडेशी जरा विसंगत दिसत होती. पुन्हा नीट करून घेतली. या खेपेला ११.५. सुजलेल्या हातावर टेप वळसा घालून जातो, त्यामुळे आकडा चुकतो. सूज असलेल्या जागी मोजण्याची काहीतरी वेगळी पद्धत असणार.

रविवार, संध्याकाळी पाच, दवाखान्याच्या बाकावर

लिहितोय. लिहिलं नाही तर नुसता दाराकडे बघत बसेन.

अकराच्या सुमाराला ही घरच्या कपड्यांतच, पायात चपला घालून पायरीवर जाऊन बसली. चपला उलट्या पायांत. मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करतो, पण रेघ तर..." ती म्हणाली, "रेघ राहू दे. मला दवाखान्यात न्या." पुढे म्हणाली, "त्या शब्दकोशाला दोरा कमी पडलाय, वाचनालयाच्या बाईंना सांगा, त्या आत बसल्यात." आत कोणीच नव्हतं. तेव्हा मी धावत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी तपासलं. नाडी एकशे तीस, रक्तदाब खाली आलेला. उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं असेल म्हणून सलाईन लावलं. मग हाताकडे वळून त्यांनी विचारलं, "ही रेघ डॉक्टरांची ना? लाली हिच्या बाहेर गेली होती?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "अजिबात नाही. कालपासून मी स्वतः लक्ष ठेवून आहे."

"मग गोळी लागू पडतेय. देखरेखीखाली ठेवू."

तिथल्या मोठ्या सिस्टर सलाईनची नळी बघत होत्या. त्यांनी हिच्या हाताला नुसतं बोट लावलं आणि ही किंचाळली. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी लागू पडतेय तर या बाई एवढ्या का कळवळतायत?" मग वाकून रेघेकडे बघत राहिल्या. "पंचवीस वर्षांत इतकी सुरेख रेघ काढणारा डॉक्टर मी पाहिला नाही. ही कोणी काढली?"

"मी," मी म्हटलं. खरं लिहायचं तर त्या क्षणीही मला थोडा आनंदच झाला.

"आणि डॉक्टरांची कुठे होती?"

"ती पुसली. म्हणजे गिरवली. लालीच्या कडेने."

"किती वेळा?"

"दोनदा."

मी गडबडीने म्हटलं, प्रत्येक वेळी मोजमाप लिहिलंय, आणि पिशवीतून ही डायरी काढली. त्यांनी माझ्याच अक्षरातले आकडे मोठ्याने वाचले. "काल अकराला सतरा. काल साडेसहाला साडेपंधरा. आज सकाळी साडेअकरा." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून टेप लावला. "आता आठ. दीड वाजलाय. डॉक्टर, सहा तासांत साडेतीन सेंटिमीटर. सर्जन बाईंना बोलवा."

ते आकडे मी लिहिले होते. तीन ओळींत, एकाखाली एक. शाळेतल्या पोरालाही वजाबाकी जमली असती.

सर्जन बाई दहा मिनिटांत आल्या. त्यांनी जांभळ्या डागाच्या बाजूला दाबलं, हात फळीसारखा कडक होता. त्यांनी फारसं काही समजावलं नाही. "आत्ता उघडावं लागेल. इथे सही करा." मी कागद न वाचता सही केली. जन्मात पहिल्यांदा.

ही आत जाताना म्हणाली, "रेघ पुसू नका हं." भ्रमातच म्हणाली असेल.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जिवंत आहे. श्वासाचं यंत्र लावलंय, झोपवून ठेवलंय, पण जिवंत आहे.

सकाळी सर्जन बाई भेटल्या. मी विचारलं, वरून एवढंसं दिसत होतं, मग आत एवढं कसं? त्या थकलेल्या होत्या, तरी खुर्चीवर बसून सांगितलं. कातडीच्या खाली आणि स्नायूच्या वर एक पातळ पडदा असतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू कधी त्या पडद्यापर्यंत पोचला, की त्याच्यावरून धावत सुटतो. जाता जाता तिथल्या रक्तवाहिन्या बंद पाडतो. रक्त जात नाही म्हणून औषधही पोचत नाही. मेलेला भाग कापून काढला नाही तर कितीही औषध ओता, पालथ्या घड्यावर पाणी. "वरची कातडी सगळ्यात शेवटी बिघडते. आधी बिघडतं दुखणं. दिसतं त्याच्या मानाने फार दुखत असेल, तर दुखण्याचं खरं मानायचं."

शिरेतून दोन औषधं चालू आहेत. एक जंतू मारतं. दुसरं कशाला, म्हटलं. तर म्हणाल्या, जंतू विष तयार करतो, त्या विषानेच रक्तदाब पडतो, भ्रम होतो, लघवी कमी होते. दुसरं औषध त्याचा विषाचा कारखाना बंद करतं. किती हुशारीची गोष्ट! बायको यंत्रावर आणि मी कारखान्याचं कौतुक करतोय. माझी मलाच लाज वाटली. तरी विचारत राहिलो. विचारायचं थांबलो तर रडू येतं.

"तुमच्या आकड्यांनी वेळ वाचला," त्या म्हणाल्या. "आणखी सहा तास गेले असते तर हात वाचवायचा की बाई, एवढाच प्रश्न उरला असता."

मी म्हटलं, "पण रेघ मीच..."

"हो, सिस्टरांनी सांगितलं," म्हणाल्या. आणि खुर्चीवरून उठल्या. उद्या पुन्हा हात उघडून बघणार आहेत.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दुसऱ्यांदा उघडला. थोडं आणखी काढावं लागलं, पण कडा आता चांगल्या आहेत म्हणाले.

तपासणीच्या खोलीत एक बाई काम करतात. मी दारात इतका घुटमळलो, की शेवटी त्यांनीच आत बोलावलं. रक्त घातलेल्या तांबड्या थाळीत जंतू वाढवलेत. टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके, आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ गोल कडं, कारण तिथलं रक्त त्याने खाऊन टाकलं. कडी इतकी नेमकी, की मी कंपास लावूनही काढू शकलो नसतो. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर मण्यांच्या माळा. मी त्यांचं चित्र इथे काढणार होतो. नाही काढत.

दुपारी माझा घसा तपासला. घरात कोणाचा घसा दुखत होता का, हे त्यांना विचारायचंच होतं. तोच जंतू माझ्या घशात निघाला. फुंकरीचं सांगितलं तेव्हा वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, "काका, हा कितीतरी घशांत मुकाट बसून असतो. तो तिथूनच गेला असं कोणी सांगू शकत नाही. फुंकर मारणाऱ्या सगळ्या नवऱ्यांना पकडायचं म्हटलं तर तुरुंग पुरायचे नाहीत." मलाही गोळ्या दिल्या, आणि ताप आला किंवा कुठे दुखू लागलं तर लगेच या म्हणाले. फुंकरीबाबत मनाची समजूत पटली. रेघेबाबत पटत नाही.

आज घरी कपडे आणायला गेलो होतो. भिंतीवरची भेग दिसली. जुनी खूण, तिच्यापुढे नवी, तिच्यापुढे आणखी नवी. भिंतीवरची एकही खूण मी कधी पुसली नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

यंत्र काढलं. डोळे उघडले. पहिलं वाक्य: "शब्दकोश परत केलात का?"

रडलो. सिस्टरांसमोर.

रविवार, २२ फेब्रुवारी

मांडीची कातडी काढून हातावर लावली. हात शाबूत आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही. वळतील, वेळ लागेल म्हणतात. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे हिला रोज सांगतो. "मग मुंगीला तुमचा टेप लावा," म्हणाली.

वाईट गोष्ट वेगळीच आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ही सांगते, "यांच्या मोजण्याने मी वाचले. जन्मभर या टेपला नावं ठेवली, शेवटी टेपच कामाला आला." माझी बहीण आली, वाचनालयाच्या बाई आल्या, सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात. सिस्टर तेवढ्यात खाली मान घालून नळी नीट करतात. आज तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी हवं का म्हणून विचारलं. तिला आत्ता त्रास नको, असं स्वतःला सांगतो. पण त्रास कोणाला नकोय ते मला माहीत आहे.

शनिवार, ७ मार्च

घरी आलो. ही खिडकीजवळ बसून गोळा दाबण्याचा व्यायाम करते. शब्दकोश अजून इथेच आहे, चार टाके घातलेला. दोन्ही हातांनी ताण दिल्याशिवाय पुढचा टाका बसत नाही. ती त्याच्याकडे बघते आणि दुसरीकडे बघते.

संध्याकाळी शेजारीण आली. पुन्हा टेपाचं कौतुक सुरू झालं. मी उठून आत गेलो. शेजारीण गेल्यावर ही डायरी हिच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "पहिल्यापासून वाच. मग लोकांना काय सांगायचं ते सांग." आणि पाय मोकळे करायला बाहेर पडलो. दोन तास चाललो. किती पावलं झाली, मोजली नाहीत.

परत आलो तेव्हा ही झोपली होती. डायरी टेबलावर मिटलेली होती. उघडायचा धीर झाला नाही. शनिवारची ही नोंद आज, रविवारी सकाळी लिहिलीय.

रविवार, ८ मार्च

वाचली आहे. समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, पुस्तकांत दुरुस्तीच्या खुणा करते तसं, बारीक अक्षरात.

जिथे मी फुंकर मारल्याचं लिहिलंय तिथे: "बरं वाटलं होतं."

जिथे टेप तिरका धरला असावा म्हटलंय तिथे: "टेपला बोल लावू नका. टेप बरोबर होता."

कोंबडीच्या पायांसमोर नुसतं एक उद्गारचिन्ह.

आणि शनिवारी संध्याकाळच्या नोंदीसमोर, जिथे मी रेघ सुंदर आली आणि हिला गोळीने झोप लागली असावी असं लिहिलंय, तिथे समास पुरला नाही म्हणून पान आडवं करून:

"झोपले नव्हते. हात तुटून पडतोय की काय असं होत होतं. तुम्ही इतकं मन लावून काढत होता, की म्हटलं, यांचं होऊ दे, मग सांगू. मग सांगायचं राहिलं. मलाही वाटलं, रेघेच्या आत आहे तर मीच जास्त करतेय. तेव्हा दोघांनीही रेघेचंच ऐकलं. पुढच्या वेळी मी ओरडेन. तुम्ही रेघेच्या आधी मला विचारा."

हे किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. पेन्सिल हलकी आहे, चार-सहा महिन्यांत पुसट होईल. सवयीने जुनं पेन काढलं, टोपण उघडलं, पहिल्या अक्षरावर टेकवलं. मग टोपण लावून ठेवून दिलं. तिचं अक्षर आहे, तिच्या हाताने काढलंय, तसंच राहू दे.

आत्ता आतून हाक आली, "अहो, बोटं आखडलीत."

"किती दुखतंय?" असं इथूनच विचारलं.

"या, सांगते," म्हणाली.

टेप टेबलावरच ठेवून जातोय.